चाकातल्या मोटरीचा हिशेब

विजेवर चालणारी स्कूटर घ्यायला गेलेला मध्यमवर्गीय ग्राहक दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो एकदा बॅटरी भरली की गाडी किती किलोमीटर जाते हा. दुसरा प्रश्न बॅटरीच्या हमीचा असतो. तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. जी मोटर गाडी ओढते ती किती वर्षे टिकेल, आणि बिघडली तर तिची दुरुस्ती कोण करील, हा तो प्रश्न. विक्रेत्याच्या बोलण्यात त्याचे उत्तर आधीच येऊन गेलेले असते : इंजिन नाही, ऑइल नाही, चेन नाही, तेव्हा बिघडायचे काय? हे उत्तर अर्धे खरे आहे. अर्ध्या सत्यावर विसंबून, पगारातून हप्ते फेडणाऱ्या माणसाने लाखभर रुपयांची वस्तू घरी आणावी, ही गोष्ट काही बरी नव्हे.

कमी वेगाच्या बहुतेक विजेच्या स्कूटरींत आणि टीव्हीएसच्या आयक्यूबसारख्या काही वेगवान स्कूटरींतही मोटर मागच्या चाकाच्या पोटात बसवलेली असते. बैलगाडीच्या चाकात ज्या जागी तुंबा असतो, नेमकी तीच जागा. हिला हब मोटर म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत मोटर गाडीच्या सांगाड्यावर असते आणि पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी चाकाला जोडलेली असते. या दोहोंपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ, यावर तंत्रज्ञ वाद घालीत राहतील. सामान्य माणसाचा प्रश्न त्याहून साधा आहे : माझ्या रस्त्यावर, माझ्या वापरात, मला ती प्रतिकिलोमीटर कितीला पडेल?

कल्पना जुनीच

चाकात मोटर बसवण्याची युक्ती आजची नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीने एक गाडी मांडली होती. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांत एकेक मोटर होती आणि ती रचना फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याची होती. मोटरी ठीक चालल्या. गाडीला जड झाली ती शिशाची बॅटरी. तिचे वजनच चारशे किलोंच्या वर होते. पुढे पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले व विजेची गाडी मागे पडली. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली तिच्या चारही चाकांना स्वतंत्र विजेच्या मोटरी होत्या. खुल्या खाणींतून शेकडो टन माल वाहणाऱ्या प्रचंड डंपरांपैकी अनेकांत डिझेल इंजिन केवळ वीज तयार करते आणि चाके फिरवण्याचे काम मागच्या चाकांतल्या मोटरी करतात. ही पद्धत अनेक दशके रुळलेली आहे.

प्रवासी मोटारगाड्यांत मात्र तिला अजून पाय रोवता आलेले नाहीत. मित्सुबिशी कंपनीने २००५ मध्ये चाकातल्या मोटरींची प्रायोगिक गाडी दाखवली; पण २००९ मध्ये तिने प्रत्यक्ष बाजारात जी विजेची गाडी आणली तिच्यात नेहमीसारखी एकच मोटर होती. चारही चाकांत मोटरी बसवणाऱ्या नेदरलँड्समधील लाइटइयर आणि अमेरिकेतील लॉर्ड्सटाऊन या दोन्ही कंपन्यांचे उद्योग २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेले. त्यांच्या अपयशाला आर्थिक कारणे होती, मोटरींना दोष देण्याचे कारण नाही. तरीही या इतिहासातून एक गोष्ट दिसते. चाकातली मोटर टिकली ती दोन ठिकाणी : जिथे वाहन हलके आणि संथ आहे तिथे, म्हणजे विजेच्या सायकलींत व स्कूटरींत, आणि जिथे दुरुस्तीची चोख व्यवस्था वाहनाबरोबरच उभी केली जाते तिथे, म्हणजे खाणींत. आपल्याकडची स्कूटर यांपैकी पहिल्या गटात मोडते, पण दुरुस्तीच्या बाबतीत दुसऱ्या गटापासून तिने काहीच घेतलेले नाही.

झिजते काय?

मोटरीची रचना समजून घेतली तर तिच्या टिकाऊपणाबद्दलचा दावा कुठवर खरा आहे ते कळते. साध्या, थेट चालणाऱ्या हब मोटरीत मधला आस स्थिर असतो. त्याभोवती तांब्याच्या तारांची वेटोळी बसवलेली असतात आणि त्यांच्याभोवती आतून चुंबक चिकटवलेले कवच फिरते. हे कवच म्हणजेच चाकाचा मध्यभाग. वेटोळी आणि चुंबक यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही कमी, फट असते. दोघे एकमेकांना कधीच टेकत नाहीत. जुन्या मोटरींतले झिजणारे कार्बनचे ब्रश इथे नाहीत. कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची ते कंट्रोलर नावाचे इलेक्ट्रॉनिक उपकरण ठरवते आणि चुंबक कुठे आहेत याची वर्दी त्याला हॉल सेन्सर नावाचे तीन छोटे घटक देतात. घासणारा भाग उरतो तो फक्त दोन बेअरिंगांचा. या अर्थाने विक्रेता खोटे बोलत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या हब मोटरीत आत लहान दंतचक्रे असतात. आतली मोटर वेगाने फिरते आणि दंतचक्रे तो वेग कमी करून जोर वाढवतात. ही मोटर वजनाने हलकी आणि चढाला बरी. पण तिच्यातली दंतचक्रे पुष्कळदा नायलॉनची असतात व ती झिजतात. विजेच्या सायकलींत हा प्रकार अधिक आढळतो.

म्हणजे घासून झिजण्याचा प्रश्न हब मोटरीत फारसा नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र यंत्रे केवळ घासून मरत नाहीत. ती तापून मरतात, गंजून मरतात आणि आदळून मरतात. आपल्याकडच्या चाकातल्या मोटरीला हे तिन्ही शत्रू एकाच वेळी भेटतात.

घाट, पाऊस आणि खड्डे

पहिला शत्रू उष्णता. गाडी आणि दोन माणसे मिळून २५० किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर संथ वेगाने हे वजन पुढे नेण्यासाठी पाच-सहा किलो वजन उचलण्याइतका जोर पुरतो. शंभर मीटरला आठ मीटर उंची चढणारा घाट लागला की केवळ चढासाठी आणखी वीस किलोंचा जोर लागतो. जोर चौपटीहून अधिक झाला. थेट चालणाऱ्या मोटरीत जोर विजेच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिळतो, म्हणून प्रवाहही तितक्याच पटीने वाढतो. तांब्याच्या तारेतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह चौपट, तर उष्णता सोळापट! दंतचक्रांची मदत असलेली मोटर हा भार वेग बदलून हलका करू शकते. थेट चालणाऱ्या हब मोटरीला ती सोय नाही. शिवाय तिची तापणारी वेटोळी मधोमध कोंडलेली असतात. उष्णतेला बाहेर पडायला आस आणि ती बारीक हवेची फट एवढेच मार्ग.

या उष्णतेचे परिणाम लगेच दिसत नाहीत, म्हणून ते अधिक फसवे आहेत. तारांवरच्या वेष्टनाचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा आहे. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले तर आपले बळ काही अंशी कायमचे गमावतात. अधिक उष्णता सोसणारे चुंबक मिळतात, पण त्यांत दुर्मीळ मूलद्रव्ये घालावी लागतात आणि ते महाग असतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले तेव्हा आपल्या वाहन उद्योगाची किती धावपळ झाली ते सर्वांनी पाहिले. स्वस्त गाडीत कोणत्या प्रतीचे चुंबक आहेत हे ग्राहकाला मात्र कोणी सांगत नाही.

दुसरा शत्रू पाणी. मोटरीला आयपी ६७ दर्जा आहे असे पत्रकात छापलेले असते. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाणार नाही. ही परीक्षा नव्या मोटरीची असते. प्रत्यक्षात जुलै महिन्यात कचेरी सुटल्यावर तापलेली मोटर रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यात शिरते. आतली गरम हवा एकाएकी थंड होऊन आकसते आणि आसातून बाहेर येणाऱ्या तारांच्या जागेतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग बेअरिंग गंजते, हॉल सेन्सर दगा देतो, गाडी धक्के देत चालू लागते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हे अधिक लवकर घडते.

तिसरा शत्रू खड्डे. सांगाड्यावरच्या मोटरीला धक्का पोहोचण्यापूर्वी शॉकॲब्सॉर्बर तो पुष्कळसा गिळून टाकतो. चाकातली मोटर शॉकॲब्सॉर्बरच्या खाली असल्यामुळे प्रत्येक आदळ थेट तिच्यावर येते. बेअरिंगच्या आयुष्याचा नियम या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगा आहे : भार दुप्पट झाला तर बॉल बेअरिंगचे आयुष्य निम्मे होत नाही, ते आठव्या हिश्श्यावर येते. भार सव्वापट झाला तरी ते जवळपास निम्मे होते. स्कूटरवर तिघांना बसवणाऱ्यांनी किंवा पायापाशी गॅसचे सिलिंडर ठेवून नेणाऱ्यांनी हा हिशेब विसरू नये. त्यात अनेक हब मोटरींत चाकाची रिम आणि मोटरीचे कवच एकसंध असते. खड्ड्यात रिम वाकली की नुकसान रिमपुरते राहत नाही, सबंध मोटरच धोक्यात येते.

आकडे काय सांगतात?

एवढे दोष सांगितल्यावर वाचकाला वाटेल की ही गाडी घेऊच नये. हिशेब तसे सांगत नाही. एक उदाहरण घेऊ. एखादी शिक्षिका रोज तीस किलोमीटर ये-जा करते; वर्षाचे नऊ हजार किलोमीटर झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असे धरले, तर वर्षाला दोनशे लिटर म्हणजे २०,८०० रुपये लागतात. विजेच्या स्कूटरला, चार्जरमधली गळती धरून, किलोमीटरला ३५ वॉट-तास वीज लागते आणि युनिट दहा रुपयांना पडते असे मानले, तर वर्षाचे ३१५ युनिट आणि ३,१५० रुपये होतात. पेट्रोलच्या गाडीचे ऑइल, प्लग, पट्टा वगैरेंचे वर्षाला तीन हजार वेगळे धरू. म्हणजे वर्षाकाठी वीस हजारांहून अधिक बचत दिसते.

आता जे खर्च पत्रकात नसतात ते मांडू. आठ वर्षांनी म्हणजे ७२,००० किलोमीटरनंतर पन्नास हजारांची नवी बॅटरी घ्यावी लागली तर किलोमीटरला सुमारे ७० पैसे बाजूला टाकले पाहिजेत. याच काळात एकदा संपूर्ण मोटर बदलावी लागली आणि तिला पंधरा हजार पडले, तर किलोमीटरला २१ पैसे. याउलट दोनदा केवळ बेअरिंगे बदलून काम भागले आणि प्रत्येक वेळी मजुरीसह बाराशे रुपये लागले, तर किलोमीटरला अवघे साडेतीन पैसे. विजेचे ३५ पैसे धरून वाईटात वाईट बेरीज सव्वा रुपयाच्या आसपास येते. पेट्रोलची गाडी सर्व्हिसिंगसह अडीच रुपयांच्या पुढे जाते. टायर आणि ब्रेक दोन्हीकडे सारखेच समजू. शिक्षिकेने विजेची गाडी घ्यावी, असेच हे आकडे म्हणतात.

पण दोन गोष्टी नजरेआड करता कामा नयेत. पहिली अशी की हीच गाडी दिवसाला दहा किलोमीटरच चालवणाऱ्याची इंधनातली बचत तिसऱ्या हिश्श्यावर येते. बॅटरी मात्र गाडी उभी राहिली तरी वर्षागणिक म्हातारी होत असते. तिच्यासाठी वर्षाला सव्वासहा हजार बाजूला काढले की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. गाडी जितकी जास्त चालेल तितकी ती परवडते, हे विजेच्या वाहनाचे गणित आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. साडेतीन पैसे आणि एकवीस पैसे यांतला फरक मोटरीच्या गुणवत्तेपेक्षाही दुरुस्तीच्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. बेअरिंग गेले असताना बेअरिंगच बदलून मिळते की अख्खी मोटर गळ्यात मारली जाते, हा खरा प्रश्न आहे. ज्याला पंधरा हजार रुपये एकदम काढावे लागतात, त्याला प्रतिकिलोमीटर एकवीस पैसे पडले या गणिताने कसले समाधान होणार? महिनाअखेरीला त्याची गाडी बंद असते, एवढेच त्याला कळते.

दुरुस्तीचा हक्क

आपल्याकडे विजेची मोटर दुरुस्त करण्याचे कसब नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यात विहिरीवरची जळालेली मोटर भरून देणारे कारागीर आहेत. वेटोळी सोडवून, नवी तार भरून ते दोन दिवसांत पंप पुन्हा पाण्यावर लावतात. अशा कारागिराला चाकातली मोटर उघडता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. चुंबकांच्या ओढीमुळे ती उघडायला विशेष अवजार आणि सावधगिरी लागते. एवढे शिकवता येते. त्याला अडते ते सुट्या भागांसाठी आणि माहितीसाठी. हॉल सेन्सर हा काही फार किमती पदार्थ नाही. पण कोणत्या जातीचा सेन्सर, कोणत्या मापाचे बेअरिंग, कंट्रोलर कोणता दोष दाखवतो आहे, हे त्याला कळण्याची सोय नसते. मग दुरुस्ती कंपनीच्या केंद्राची मक्तेदारी बनते.

आणि कंपनीच उरली नाही तर? हिरो इलेक्ट्रिक ही विजेच्या दुचाकींच्या धंद्यातली एके काळची अग्रेसर कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. अशा वेळी रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांची जबाबदारी कोणाची? सरकारने २०१५ मध्ये फेम योजना आणली, २०१९ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला, ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजना लागू केली. या साऱ्यांचा भर गाडी विकली जावी आणि तिला चार्जिंग मिळावे यावर राहिला. विकलेली गाडी दहा वर्षे चालावी, याची काळजी कोणी वाहिली?

करता येण्याजोगे बरेच आहे. ए.आय.एस. ०४१ या मानकानुसार मोटरीची सलग अर्धा तास टिकणारी शक्ती मोजली जाते. नोंदणी आणि परवाना नको असलेल्या कमी वेगाच्या गाड्यांची २५० वॉटची मर्यादा याच मोजमापावर आधारलेली आहे. जाहिरातीत मात्र क्षणभर मिळणारी कमाल शक्ती झळकते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. म्हणजे घाटात राहणाऱ्याला आपली गाडी निवडता येईल. मोटरीची हमी बॅटरीप्रमाणेच वेगळी, वर्षांत आणि किलोमीटरमध्ये लिहून द्यावी, आणि आत पाणी गेल्यास ती लागू आहे की नाही ते स्पष्ट सांगावे. बेअरिंग, सील, सेन्सर हे भाग सुटे विकण्याचे आणि मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे ते पुरवण्याचे बंधन अनुदानाच्या अटींतच घालता येईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही उघडले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. त्या हक्काला कायद्याचे दात दिले पाहिजेत. आयटीआयच्या अभ्यासक्रमात हब मोटर उघडणे आणि जुळवणे हा विषय प्रत्यक्ष हाताने करायचा म्हणून असावा.

ग्राहकाच्याही अंगी काही कर्तव्ये येतात. घाटात गाडी पूर्ण जोराने रेटू नये. मोटर तापली असता साचलेल्या पाण्यात घालू नये. धुताना पाण्याचा जोरदार फवारा आसावर मारू नये. पंक्चर काढताना मागच्या चाकाच्या तारा ओढल्या जाणार नाहीत याकडे स्वतः उभे राहून पाहावे. चाकातून गुरगुर ऐकू येऊ लागली तर ती बेअरिंगची हाक आहे असे समजून वेळीच गॅरेज गाठावे. त्या वेळी खर्च शेकड्यांत असतो, दुर्लक्ष केल्यावर तो हजारांत जातो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी चाकातली मोटर बॅटरीच्या वजनाखाली दबून गेली. आज बॅटरी हलकी झाली आहे आणि मोटर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. ती पुन्हा मागे पडली तर दोष यंत्राचा नसेल. विकून मोकळे होण्याच्या व्यापारी वृत्तीचा आणि त्या वृत्तीला अनुदान देऊन जाब न विचारणाऱ्या शासनाचा तो दोष ठरेल. स्वच्छ हवेसाठी सामान्य माणसाने विजेची गाडी घ्यावी असे आपण त्याला सांगतो. मग ती गाडी त्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये, त्याच्या पगाराला झेपेल अशा खर्चात दुरुस्त होईल, एवढी हमी त्याला देणे हे आपले काम आहे.